फ्यूज कोणाच्या खिशात?

काही गाड्या नुसत्या धावत नाहीत, बघतातसुद्धा! दिवसा बॉनेट अगदी सपाट, दिव्यांचा कुठे पत्ताच नाही. अंधार पडला, स्विच फिरवला की 'घर्र...' असा आवाज होतो आणि डबक्यातून बेडकानं डोकं वर काढावं तसे दोन डोळे वर येतात. यांना म्हणतात पॉप-अप हेडलाइट्स. आपल्या रस्त्यांवर अशी गाडी दिसणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखंच. आपल्यातल्या बहुतेकांनी ती पाहिली असेल ती व्हिडिओ गेममध्ये, नाहीतर 'इनिशियल डी'मधल्या त्या पांढऱ्या-काळ्या टोयोटा ट्रुएनोच्या रूपात.

मी मात्र अशा गाडीच्या डोळ्यात हात घालून आले आहे. अगदी शब्दशः! माझा मामा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडे १९९२ ची माझदा मियाटा आहे. दोन सीटची, लाल रंगाची, माझ्यापेक्षा वयानं चांगली मोठी. सुट्टीत त्याच्याकडे गेले तेव्हा तिचा उजवा डोळा अर्धाच उघडत होता. मामा म्हणाला, "मेकॅनिकलला आहेस ना? चल, बघू तुझं इंजिनिअरिंग." त्या दोन शनिवारांत मी जे शिकले, ते थिअरी ऑफ मशीन्सच्या पुस्तकात आहे आणि नाहीसुद्धा. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास, म्हणजे दिवे लपवायची ही हौस आली कुठून ते कळेल. १९३६ साली अमेरिकेत कॉर्ड ८१० नावाची गाडी आली. गॉर्डन ब्यूरिग हा तिचा डिझायनर. तिचे हेडलाइट पुढच्या मडगार्डमध्ये लपवलेले होते आणि मूळ कल्पना होती विमानाच्या लँडिंग लाइटची. वर काढायला मोटर वगैरे काही नाही, डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल. एका बाजूचं फिरवायचं, मग दुसऱ्या बाजूचं. पुढे १९६२ मध्ये इंग्लंडच्या लोटस एलाननं इंजिनाच्या व्हॅक्यूमवर दिवे उचलले. नंतर इलेक्ट्रिक मोटर आली आणि ऐंशीच्या दशकात तर जपानी कंपन्यांनी अशा गाड्यांचा धडाकाच लावला. मियाटा त्यातलीच. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली. कारखाना हिरोशिमाचा.

यामागे नुसती फॅशन नव्हती हं. अमेरिकेत १९४० पासून हेडलाइट ठरावीक मापाचेच लावावे लागत, आणि ते जमिनीपासून किमान २२ इंच उंच हवेत असाही नियम. स्पोर्ट्स कारचं नाक तर जमिनीला टेकलेलं हवं, नाहीतर हवा कापली जात नाही. मग करायचं काय? दिवसा नाक खाली, रात्री दिवे वर! १९८३ मध्ये अमेरिकेनं वेगवेगळ्या आकारांचे, बदलता येणाऱ्या बल्बचे हेडलाइट मान्य केले आणि या खटाटोपाची गरजच संपत गेली. युरोपात पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. रस्त्यावरच्या माणसाला गाडीचा असा वर आलेला कोपरा लागणं वाईटच. शेवटच्या दोन मोठ्या नावांनी, कॉर्व्हेट सी-५ आणि लोटस एस्प्रीनं, २००४ मध्ये निरोप घेतला. म्हणजे आज अशी जी कुठली गाडी दिसेल ती जुनीच असणार. तिच्या वायरी जुन्या, रबर जुनं, सांधे गंजलेले. आणि जुनी गाडी म्हटली की तिच्यात कोणी ना कोणी हात घालणारच.

आता यंत्रणा. मियाटात प्रत्येक दिव्याला स्वतःची मोटर आहे. मोटर वर्म गिअर फिरवते, त्याच्यावर क्रँक, क्रँकला लिंक आणि लिंकला दिव्याची सगळी चौकट. क्रँक अर्धा फेरा फिरला की दिवा वर, त्याच दिशेनं आणखी अर्धा फिरला की खाली. आपण परीक्षेत फोर-बार मेकॅनिझम काढतो ना, तेच. फक्त इथे मार्क नाहीत, बोटं पणाला लागतात.

कसं ते सांगते. क्रँक आणि लिंक एका रेषेत आले की त्याला आपण डेड सेंटर म्हणतो. त्याच्या जवळ जाताना क्रँक बराच फिरतो, पण दिवा अगदी थोडाच सरकतो. हालचाल कमी म्हणजे जोर जास्त. त्यामुळे दिव्याचं झाकण बंद होताना शेवटच्या सेंटिमीटरला मोटरचा दाब सगळ्यात जास्त असतो. आणि बोट सापडतं ते नेमकं तिथेच, झाकणाची कड आणि गाडीचा पत्रा यांच्या मध्ये! एवढीशी तर मोटर, असं वाटून आपण गाफील राहतो. पण मोटरची ताकद बघायची नसते, लिंकेजच्या टोकाची बघायची असते.

दुसरी गोष्ट वर्म गिअरची. मोटर गिअरला फिरवू शकते, पण गिअर मोटरला उलटा फिरवू शकत नाही. आपले सर याला सेल्फ-लॉकिंग म्हणतात आणि आपण पाठ करतो. ड्रायव्हरसाठी ही सोय फारच छान. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियम क्रमांक १०८ मध्ये म्हटलं आहे की दिवे लागलेले असताना यंत्रणेची वीज गेली तरी ते पूर्ण उघडेच राहिले पाहिजेत. बरोबरच आहे, रात्री हायवेवर डोळे मिटले तर काय होईल! पण ज्याचा हात आत आहे त्याच्यासाठी हीच सोय उलटी पडते. बोट सापडलं आणि कोणी घाबरून वीज बंद केली, तरी पकड सुटत नाही. झाकण ओढून उघडत नाही. उलट ओढाओढीत गिअरचे दातच जायचे.

मग सुटका कशी? त्याचंही उत्तर त्याच नियमात आहे. यंत्रणा बिघडली तर बंद दिवा कुठलंही अवजार न वापरता पूर्ण उघडता आला पाहिजे, अशी त्यात अट आहे. म्हणून मोटरच्या टोकाला रबरी टोपीखाली एक गोल नॉब असतो. टोपी काढायची आणि नॉब हातानं फिरवायचा. वर्म गिअरमुळे बऱ्याच वेळा फिरवावा लागतो आणि दिवा हळूहळू वर येतो. काम सुरू करण्याआधी हा नॉब कुठे आहे तो बघून, हात लावून ठेवायचा. आग लागल्यावर बादली शोधायची नसते.

आणि आता तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या साध्या गाडीचा वायपर आठवा. काच अर्धी पुसून झाल्यावर स्विच बंद केला तरी वायपर मध्येच थांबत नाही. तो खाली येऊन आपल्या जागेवर बसतो आणि मगच थांबतो. मोटरच्या आत एक चकती असते. आपली जागा येईपर्यंत ती सर्किट चालू ठेवते. या दिव्यांचंही तसंच आहे. म्हणजे मामाच्या गाडीचा तो अर्धा उघडलेला दिवा 'बंद पडलेला' नव्हताच. त्याचा प्रवास अर्धवट राहिला होता. कुठेतरी कनेक्शन तुटलेलं, म्हणून तो वाट बघत उभा होता. ज्या क्षणी ते कनेक्शन लागेल त्या क्षणी तो निघणार. स्विचला कोणी हात लावायची गरज नाही, गाडीला किल्ली लावायचीसुद्धा गरज नाही. आणि कनेक्शन शोधताना आपण करतो काय? वायर हलवून बघतो! एक हात वायरवर, दुसरा हात कुठे? बहुतेक वेळा लिंकमध्येच.

म्हणून हे लक्षात ठेवा. थांबलेलं यंत्र आणि सुरक्षित यंत्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर, मामाची पद्धत. पहिल्यांदा त्यानं माझ्या हातातली अंगठी आणि कडं काढायला लावलं. मी म्हटलं, "अरे, बारा व्होल्टनं काय होणार?" तो म्हणाला, "शॉक बसणार नाही. पण अंगठी बॅटरीच्या प्लसला आणि पाना लागला बॉडीला, तर अंगठी लाल होईल, आणि ती बोटातून पटकन निघत नाही." मग वेणी बांधून टी-शर्टच्या आत. ओढणी नव्हतीच, पण असती तर तीही घरात गेली असती.

मग चांगला असलेला डावा दिवा डॅशबोर्डवरच्या बटनानं वर घेतला. मियाटात दिवा न लावता नुसता वर आणायला वेगळं बटन आहे. काम करायचं ते शक्यतो दिवे वर असताना, कारण चिमटा बसतो तो खाली जाताना. त्यानंतर बॉनेटखालच्या फ्यूजच्या डबीतला ३० अँपिअरचा, 'रिट्रॅक्टर' लिहिलेला फ्यूज त्यानं उपटून काढला. मला वाटलं तो बाजूला ठेवेल. त्यानं तो माझ्या हातात दिला.

"खिशात ठेव. आत हात तुझा जाणार आहे, तेव्हा फ्यूज तुझ्याच खिशात. मला दे म्हटलं तरी द्यायचा नाही."

मला जरा नाटकीच वाटलं. पण मियाटा बघितली की कळतं. तिची बॅटरी पुढे नाहीच, मागे डिकीत आहे, उजव्या कोपऱ्यात. बॉनेट उघडं आणि डिकी उघडी म्हणजे पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला पुढचा. त्यात ड्रायव्हरच्या सीटवर माझा बारा वर्षांचा मामेभाऊ! गाडीनं डोळा मारला की त्याला भारी मजा वाटते, त्यामुळे ते बटन म्हणजे त्याचा जीव की प्राण. 'बटनाला हात लावू नकोस' असं त्याला दहा वेळा बजावता येईल. तो दहा वेळा ऐकेलही. अकराव्या वेळचं काय? फ्यूज माझ्या खिशात असला की तो बटनावर तबला वाजवू दे, काही फरक पडत नाही. तो चांगला मुलगा आहे की द्वाड, हा प्रश्नच उरत नाही. फ्यूज काढल्यावर मामानं मुद्दाम त्याला बटन दाबायला लावलं. काही हललं नाही. तेव्हा कुठे माझा हात आत गेला. नुसता फ्यूज काढून भागत नाही, बरोबर तोच निघालाय का हे तपासायचं.

पुढचं काम तसं सोपं. नॉब फिरवून उजवा दिवा पूर्ण वर आणला. लिंक सोडण्याआधी चौकटीखाली लाकडाचा ठोकळा लावला, कारण लिंक सुटली की दिवा स्वतःच्या वजनानं खाली येऊ शकतो. फ्यूज खिशात असला तरी गुरुत्वाकर्षण खिशात घालता येत नाही! मग दिव्याभोवतीची फ्रेम उतरवली. त्यात एक खबरदारी म्हणजे, दिवा धरून ठेवणाऱ्या कड्याचे स्क्रू वेगळे आणि प्रकाशाची दिशा ठरवणारे दोन स्क्रू वेगळे. ते दोन फिरवले तर समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात उजेड. शेवटी चोर सापडला. मोटरच्या कनेक्टरमध्ये पाणी जाऊन तांब्याला हिरवा गंज चढला होता. घासून साफ केला, रबरी टोपी फाटली होती ती नवी बसवली. खर्च नगण्य, आनंद प्रचंड.

पण खरी कसोटी काम संपल्यावर असते. सगळं जोडून झालं की माणूस सैल पडतो आणि 'लाव रे फ्यूज' म्हणतो. लक्षात घ्या, फ्यूज लावताक्षणी दिवा हलू शकतो. त्याच्या चकतीला वाटलं की आपण जागेवर नाही, तर तो निघालाच. म्हणून आधी अवजारं मोजली. मग सगळ्यांनी हात वर केले, अगदी पोलिसांनी पकडल्यासारखे! मामानं मोठ्यानं विचारलं, "हात बाहेर?" मी आणि भाऊ ओरडलो, "बाहेर!" मग मी खिशातून फ्यूज काढून लावला. घर्र... आणि दिवा टुणकन जागेवर. स्विचला कोणीही हात लावलेला नव्हता.

मामा इतका काटेकोर का, हे मी त्याला विचारलं नाही. मला माहीत होतं.

माझे बाबा फिटर आहेत. २०११ मध्ये, मी पहिलीत असताना, ते भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला होते. प्रेस बंद पडली होती म्हणून ते आत हात घालून काम करत होते. मेन स्विच त्यांनी स्वतः बंद केला होता. पॅनेल होतं मशीनच्या पलीकडच्या बाजूला. शिफ्ट बदलली, नवीन आलेल्या ऑपरेटरला मशीन बंद दिसली, त्यानं स्विच चालू केला. बस, एवढंच. उजव्या हाताची दोन बोटं गेली. बाबा डाव्या हातानं सही करायला शिकले. माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकावरची त्यांची सही आणि दुसरीच्या प्रगतिपुस्तकावरची सही वेगळी आहे.

लहानपणी मला त्या ऑपरेटरचा खूप राग यायचा. बाबांना मात्र मी कधीच त्याला शिव्या देताना ऐकलं नाही. ते म्हणतात, "त्याला मी दिसत नव्हतो गं." न्यू जर्सीहून परत आल्यावर मी त्यांना फ्यूजची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आमच्याकडे स्विचला कुलूप लावायला भोकसुद्धा नव्हतं."

मी नंतर वाचून काढलं. गंमत म्हणजे मियाटा आली त्याच वर्षी, १९८९ मध्ये, अमेरिकेत कारखान्यांसाठी 'लॉकआउट-टॅगआउट'चा नियम जाहीर झाला. दुरुस्तीच्या वेळी ऊर्जा तोडायची, स्विचला कुलूप लावायचं, नावाची चिठ्ठी अडकवायची. चौघं जण काम करत असतील तर कुलपं चार, आणि आपलं कुलूप आपणच काढायचं. म्हणजे मामाच्या फ्यूजचंच मोठं रूप! आणि हे फक्त परदेशातलं शहाणपण आहे असंही नाही. बाबांच्या अपघाताच्या वेळी आपल्याकडे जो १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट लागू होता, त्याच्या २४ व्या कलमात स्पष्ट होतं की वीज तोडणारं साधन चुकून चालू होऊ शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करायची सोय हवी. कायद्यात कुलूप होतं. पॅनेलवर नव्हतं.

आपण 'सावध राहा', 'लक्ष द्या' अशा पाट्या खूप लावतो. आपल्या वर्कशॉपमध्येही आहेत, इंग्लिश आणि मराठी दोन्हीत. पण बाबा सावधच होते. लक्ष देऊनच काम करत होते. त्यांचं लक्ष हातातल्या कामावर होतं, आणि ते तिथेच असायला हवं होतं. एकाच वेळी कामाकडेही बघायचं आणि पाठीमागच्या स्विचकडेही, हे माणसाला जमत नाही. ते काम कुलपाचं आहे.

म्हणून आपल्या बाहा टीमच्या मित्रांना एक विनंती. आपल्या बग्गीला नियमाप्रमाणे दोन किल स्विच असतात, एक ड्रायव्हरजवळ आणि एक बाहेर. छान आहेत. पण किल स्विच गाडी थांबवतो, थांबलेली ठेवत नाही. तो ज्याला दाबता येतो त्याला परत ओढताही येतो, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री तीन वाजता गाडीभोवती आठ जण झोपेत काम करत असतात. तेव्हा चेनमध्ये ज्याचा हात आहे त्यानं स्पार्क प्लगची वायर काढून बांधून ठेवावी. इलेक्ट्रिक गाडी असेल तर कनेक्टरला स्वतःचं कुलूप लावावं. किल्ली टेबलावर नाही, 'ए, जरा धर' म्हणून मित्राकडे नाही, स्वतःच्या खिशात. मित्रावर विश्वास नाही असा याचा अर्थ होत नाही. मित्राला आपण दिसत नसू, एवढाच होतो.

नवीन सेमिस्टरपासून वर्कशॉपच्या लेथ आणि पॉवर हॅकसॉच्या स्विचना कुलपाची सोय करावी, असा अर्ज मी वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सरांना दिला आहे. खाली आतापर्यंत एकतीस सह्या झाल्या आहेत. अर्ज ड्रॉइंग हॉलच्या बाहेर, नोटीस बोर्डाशेजारी ठेवला आहे. पहिली सही माझी नाही. एक दिवस बाबा मला डबा द्यायला कॉलेजात आले होते, त्यांनी तो वाचला आणि खिशातून पेन काढलं. ते विद्यार्थी नाहीत, त्यामुळे ती सही बहुतेक चालणार नाही. पण मी ती खोडलेली नाही.